मामाचे ठोके

“एकशे अठरा,” मी म्हणाले.

“एकशे दहा लिव्ह,” मामा म्हणाला.

“मामा, ही भाजी नाही.”

“बरं, एकशे बारा. आता याच्याखाली येत न्हाई.”

मी कानांतून स्टेथोस्कोप काढला आणि वहीत एकशे अठरा लिहिले. मामा कॉटच्या कडेला बनियनवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. शेजारी त्याचा दम्याचा निळा पंप पडला होता.

“लिव्हू दे तिला तिच्या मनासारखं,” मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमचं काय जातंय?”

“माझंच जातंय की. माझ्या छातीतलं हाय ते.”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. माझी भौतिकशास्त्राची एम.एस्सी.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि निकाल लागेपर्यंत मला काही काम नव्हतं. आईनं मला इचलकरंजीला धाडलं. “तुझा विरूमामा कुणाचं ऐकत नाही, तुझं ऐकेल,” असं ती म्हणाली होती. आईचा हा अंदाज किती चुकीचा आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

विरूपाक्ष वरुटे म्हणजे माझा मामा यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा, जुळवून देणारा माणूस म्हणजे जॉबर. तीस वर्षं त्यानं सुताचा उडता कापूस नाकातोंडात घेतला आणि वर विड्या ओढल्या. विड्या सुटल्या, पण तोवर फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या होत्या. तो दम घेऊन जगायला शिकला होता. त्या वर्षी त्यात भर पडली. त्याची नाडी बेताल लागायला लागली. दोन ठोके लगोलग, मग एक गायब, मग चार धावत सुटलेले. गावातल्या छातीच्या मगदूम डॉक्टरांनीच हे पकडलं आणि त्याला मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांकडे, खटावकर मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी दोन गोळ्या दिल्या. एक ठोके आवरायची आणि दुसरी रक्त पातळ ठेवायची, कारण बेताल हृदयात रक्ताची गाठ होऊन ती मेंदूत जाऊ शकते. मगदूम डॉक्टरांचा पंप होताच.

मी आल्या दिवशी हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. चिठ्ठ्या, ईसीजीच्या पट्ट्या, रिकामी पाकिटं, शेडच्या हजेरीचा एक कागद आणि मागाचा एक बोल्ट. मी दुकानातून दोन फायली आणल्या. हृदयाची लाल, छातीची निळी. मिरजेला जाताना लाल घ्यायची, मगदूम डॉक्टरांकडे निळी. मामी कौतुकानं बघत राहिली. मामानं बोल्ट तेवढा परत मागून घेतला.

मग मी वही केली. ठोके दिवसातून तीनदा मोजायचे. बीपीच्या मशीनवर माझा विश्वास नव्हता. बेताल नाडी असली की ते मशीन काहीही आकडा दाखवतं, हे मी वाचलं होतं. म्हणून मी स्टेथोस्कोप विकत आणला, आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा आळस न करता पूर्ण साठ सेकंद मोजायचं ठरवलं. पहिल्यांदा मोजायला बसले तर काही ऐकूच येईना. मामाच्या छातीत एवढ्या शिट्ट्या वाजत होत्या की हृदय त्यांच्या मागे कुठेतरी दडून बसलं होतं. मग मी नियम केला. आधी पंप, त्यानंतर दहा मिनिटं स्वस्थ बसणं, आणि मग मोजणी. पंपानं छाती मोकळी व्हायची आणि ठोके स्वच्छ ऐकू यायचे. सकाळी मामी त्याला आत पंप द्यायची, मी बाहेर कट्ट्यावर चहा घेत घड्याळ लावून बसायचे आणि दहा मिनिटं झाली की आत जायचे. रोज हाच क्रम, याच वेळा. मला त्या वहीचा अभिमान होता.

मामाचा मात्र मला संताप यायचा. त्याला सांगितलेली एकही गोष्ट तो सांगितली तशी करत नसे. पंपाचे दोन झटके घ्यायचे तर तो चार घेई. संध्याकाळची गोळी विचारली तर “घेतली असंल” म्हणे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचा पंप त्याच्याकडे नसायचाच. शेडमध्ये दस्तगीर नावाचा त्याचा जुना जोडीदार होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते आणि दोघांनाही दमा जडला होता. दस्तगीर डॉक्टरकडे जात नव्हता. तो मामाचा पंप ओढायचा. तंबाखूची चंची एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जावी तसा तो पंप शेडमध्ये फिरायचा.

“मामा, पंप म्हणजे तंबाखू नव्हे.”

“तंबाखू मी सोडली.”

“दुसऱ्याच्या तोंडातला पंप आपल्या तोंडात घालायचा नसतो.”

“पुसून देतोय की तो.”

“त्याला त्याच्या डॉक्टरकडे जाऊ दे.”

“जाईल तेव्हा जाईल. तवर त्याला दम लागला तर मी काय मागाच्या धोट्याकडं बघत हुभा राहू?”

मी वहीकडे वळायचे.

आठव्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. मॅडमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. पहिल्या वळणावर थांबून मामानं पंप मारला, दुसऱ्या वळणावर पुन्हा मारला. वर गेल्यावर लगेच त्याच्या हृदयाची पट्टी काढली. एकशे वीस. खटावकर मॅडमनी पट्टी बाजूला ठेवली आणि माझी वही उलटली. पानं उलटता उलटता त्यांचा हात संथ झाला.

“हे तुम्ही केलंत?”

“हो.”

“पूर्ण मिनिट मोजता?”

“प्रत्येक वेळी.”

“काय शिकता?”

“फिजिक्स.”

“आमच्या इथं कुणी पूर्ण मिनिट मोजत नाही,” त्या म्हणाल्या आणि मामाकडे वळल्या. “नशीबवान आहात हो. भाचीनं काम सोपं केलं माझं. घरीसुद्धा ठोके एकशे दहाच्या खाली येत नाहीत. सकाळी एक गोळी होती ती आता सकाळ-संध्याकाळ एकेक.”

परतताना बसमध्ये मामानं मला खिडकीजवळची जागा दिली. “काम सोपं केलंस म्हणं,” तो म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं की तो चिडवत होता ते कळलं नाही. मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर दुसऱ्या दिवसापासून त्याचा दम वाढला. घरापासून शेडपर्यंत पाच मिनिटांची वाट. त्या वाटेवर तो एकदा पानपट्टीजवळ आणि एकदा पिठाच्या गिरणीजवळ थांबायला लागला. थांबला की कुणाशी तरी बोलल्याचं नाटक करायचा. गिरणीवाला मामीला म्हणाला, “वरुटे हल्ली फार गप्पा मारतात हो.”

मी निळी फाईल घेऊन त्याला मगदूम डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, मान हलवली आणि पंप दिवसातून चार वेळा करायला सांगितला, लागलाच तर पाचव्यांदाही. मी निळ्या फायलीत नोंद केली. ठोके एकशे चोवीसवर गेले होते. त्याची नोंद वहीत केली, आलेख काढला. रेघ वर चालली होती. गोळी दुप्पट केली तरी रेघ वर जाते याचा अर्थ मला एकच दिसत होता. मामा गोळ्या घेत नव्हता.

तेराव्या दिवशी सकाळी पंप घरात नव्हता.

“कुठाय?”

“रातच्याला शेडमधी गेलतो, तिथं राहिला.”

“म्हणजे दस्तगीरकडे.”

“म्हणजे शेडमधी.”

मामी कपाळावर हात मारून आत गेली. पंप नसला तरी सात वाजले होते आणि सात वाजता मोजायचं होतं. मी मोजलं. छातीत शिट्ट्या वाजत होत्या, मधून मधून हृदय ऐकू येत होतं. साठ सेकंदांत अठ्ठ्याऐंशी भरले. आदल्या रात्री एकशे बावीस होते. चौतीस ठोके एका रात्रीत कुठे जाणार? शिट्ट्यांच्या आवाजात बरेच ठोके बुडाले असणार, असं मी धरलं. अठ्ठ्याऐंशीच्या ओळीवर पट्टी ठेवून दोन सरळ रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, ‘मोजमाप सदोष.’

सोळाव्या दिवशी पेन्सिल शोधताना मी मामाच्या हत्यारांचा पत्र्याचा डबा उघडला. पाना, पक्कड, सुताचा गुंता आणि एका जुन्या चुन्याच्या डबीत अर्ध्या गोळ्या. मी त्या वहीच्या पानावर ओतून मोजल्या. अकरा. सुताच्या कात्रीनं नीट मधोमध कापलेल्या.

मामा दुपारी जेवायला आला तेव्हा ते पान मी त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे काय?” मी विचारलं.

मामा बसला. मामीनं भाकरी वाढली. त्यानं एक घास खाल्ला, मग पाणी प्याला.

“ठोक्याची गोळी हाय. रक्ताची रोज घेतोय, अख्खी. तिला हात लावला न्हाई.”

“आणि ही का कापली?”

“सेटिंग बघत होतो.”

“कसलं?”

“माग बिघडला की आपण काय करतो? सगळं खोलून बसतो व्हय? एक नट अर्धा फेरा फिरवायचा, चालवून बघायचं. मग परत अर्धा. अर्धी गोळी घेतली की दम जरा बरा राहतोय. अख्खी घेतली की छाती आवळून धरतीय.”

“आणि ठोके?”

“ठोके काय, पळतात तसे पळतात.”

“मामा, तू यंत्रमाग नाहीस.”

“मला कळतंय ते.”

“मॅडमनी गोळी वाढवली आणि तू घरात बसून ती निम्मी केलीस. मी इथे सोळा दिवस मोजतेय ते कशाला? माझ्या वहीतला एक तरी आकडा आता खरा आहे का? मेंदूत गाठ गेली, अंग लुळं पडलं, मग मामीनं काय करायचं?”

मामी पदर तोंडाला लावून उभी होती. मी आवाज चढवला होता हे मला तिच्याकडे बघून कळलं.

“बरं,” मामा म्हणाला. “तू देशील तशी घेतो.”

आणि त्यानं खरंच घेतली. त्या संध्याकाळपासून गोळी मी त्याच्या हातावर ठेवायचे, तो पाण्याबरोबर गिळायचा आणि मी म्हणायचे, “आ कर.” पंचावन्न वर्षांचा, अठ्ठेचाळीस माग एकट्यानं चालते ठेवणारा माणूस तोंड उघडून जीभ वर करून दाखवायचा. मी जिभेखाली बघायचे. पहिल्या दिवशी तो हसला. नंतर हसला नाही.

तीन दिवसांत ठोके एकशे सोळावर आले. मला समाधान वाटलं. मामी म्हणाली, “हे रात्रभर भिंतीला टेकून बसत्यात गं. आडवं झालं की गुदमरल्यासारखं हुतंय.” मी तिला सांगितलं, “गोळी अंगी लागायला वेळ जातो मामी.” हे मी कुठे वाचलं नव्हतं. माझंच ठोकून दिलं होतं.

बाविसाव्या दिवशी पुन्हा मिरज. पहिली बस गाठायची म्हणून सकाळची मोजणी झाली नाही. गोळी दिली, आ केलं, निघालो. स्टँडवर पोचेपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही. गर्दीत त्याला उभं राहावं लागलं नाही, एवढं बरं. दवाखान्यात या वेळी लिफ्ट चालू होती. आम्ही दोन तास बाकावर बसलो. मामा पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकवून बसला होता, आणि मी वहीतला आलेख शाईनं पक्का करत होते.

पट्टी काढून झाल्यावर मॅडमनी बोलावलं.

“आज चौऱ्याहत्तर,” त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या. मग वही उघडली. “काल रात्री एकशे सोळा. परवा एकशे अठरा.” त्यांनी चष्म्यावरून मामाकडे बघितलं. “आज डॉक्टरकडे जायचं म्हणून गोळी नीट घेतलीत. होय ना? आम्हाला कळतं हे.”

“मॅडम, त्यांनी अर्ध्या गोळ्या लपवून ठेवल्या होत्या,” मी म्हणाले. “अकरा.”

मामानं माझ्याकडे बघितलं नाही.

“वाटलंच मला,” मॅडम म्हणाल्या. “हे बघा वरुटे, एका पट्टीवर मी जात नाही. ही वही तीन आठवड्यांची आहे. मुलगी इतकं मनापासून करतेय आणि तुम्ही तिला फसवता? आता दोनच रस्ते आहेत. एक तर मी गोळी आणखी वाढवते आणि तुम्ही ती घेता. नाही तर चार दिवस इथं भरती व्हा, आमच्या देखत घ्या.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“मॅडम,” मामा म्हणाला. मग थांबला. “चूक माझीच हाय.” पुन्हा थांबला. खांदे वर उचलले गेले, खाली आले. “पोरीनं... काय चुकवलं न्हाई. तिला... बोलू नका.”

मॅडम लिहायला लागल्या होत्या. मामाचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपला आणि रिकामाच परत आला. इतका सवयीनं गेला आणि इतका गुपचूप परत आला की माझं लक्ष नसतं तर दिसला नसता.

“मामा, पंप कुठाय?”

“असू दे.”

“कुठाय?”

“दस्तगीर आलता... काल जेवणं झाल्यावर. त्याला लई लागला होता.”

“म्हणजे आज सकाळपासून तू एकदाही पंप घेतला नाहीस?”

“सांगितलं असतं तर... तू स्टँडवर वरडली असतीस.”

ओरडलेच असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मॅडमच्या टेबलावर ती पट्टी पडली होती, चौऱ्याहत्तरची, आणि आज पंप नव्हता. पंप नसलेला आणखी एक दिवस माझ्या वहीत होता. मी टेबलावरून वही ओढली. मॅडमनी मान वर केली.

“एक मिनिट मॅडम. लिहू नका.”

“का?”

मी तेरावा दिवस काढला. “ही ओळ बघा.”

“ही तर तुम्ही खोडलीय. मोजमाप सदोष, असं लिहिलंय.”

“ती बरोबर आहे.” मी बोट त्या ओळीवरून वर सरकवलं. “बाकीच्या चुकीच्या आहेत.”

“बाकीच्या कुठल्या?”

“सगळ्या. बासष्ट. छातीत शिट्ट्या असल्या की ठोके ऐकू येत नव्हते, म्हणून मी आधी पंप द्यायला लावायचे आणि दहा मिनिटांनी मोजायचे. त्या दिवशी पंप नव्हता, अठ्ठ्याऐंशी आले. आज पंप नाही, चौऱ्याहत्तर आलेत. गेल्या वेळी तुमच्या जिन्यात त्यांनी दोनदा पंप मारला होता, मग पट्टी काढली.”

मॅडमनी वही स्वतःकडे फिरवली.

“पंपानं ठोके वाढतात, माहीत नव्हतं तुम्हाला?”

“वाचलं होतं.”

“मग?”

मग काय. पंपाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी पहिल्याच दिवशी वाचला होता. घडी घालून निळ्या फायलीत लावला होता.

“दिवसातून किती वेळा घेतात?”

“चार. कधी पाच.”

“एवढा? कुणी सांगितला?”

“मगदूम डॉक्टरांनी. दम वाढला म्हणून.”

“मी गोळी दुप्पट केली हे त्यांना माहीत आहे?”

“नाही. त्यांची फाईल वेगळी आहे.”

“वेगळी म्हणजे?”

“निळी,” मी म्हणाले.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. त्यांनी लिहिलेला कागद पॅडवरून फाडला, चुरगाळला नाही, फक्त बाजूला ठेवला. मग मगदूम डॉक्टरांचा नंबर मागितला आणि आमच्यासमोरच फोन लावला. चार मिनिटं बोलणं झालं. मला एकच बाजू ऐकू येत होती.

“नमस्कार डॉक्टर. वरुटे, जॉबर आहेत ते... हो, हो. तुम्ही पंप वाढवलात ना?... दम वाढला म्हणून, बरोबर. आणि दम वाढला तो बहुधा माझ्या गोळीनं... दुप्पट केली मी. कारण ठोके जास्त दिसत होते... तुमच्या पंपानं.” त्या ऐकत राहिल्या. “नाही, नाही, तुमचं काही नाही. आपण दोघंही एकाच माणसाला दोन बाजूंनी ओढत होतो.” मग दोघांनी औषधांची नावं घेतली. कुठला पंप बदलायचा, कुठली गोळी कितीवर आणायची. तीन आठवडे मी ज्या दोन माणसांमध्ये ये-जा करत होते, ती पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. त्याला चार मिनिटं लागली.

फोन ठेवून मॅडम मामाकडे वळल्या. “आता तुमचं. अर्धी गोळी घेऊन दम बरा वाटला हे तुम्ही खरं सांगितलंत असतं तर मला उपयोग झाला असता. लपवून कापलीत तर मला काय कळणार? ही गोळी एखाद दिवशी मनानं बंद केली असती तर हृदय बिथरलं असतं. पुन्हा कात्री लावायची नाही.”

“न्हाई लावत.”

“आणि हे दस्तगीर कोण?”

“जोडीदार हाय शेडमधला.”

“त्यांना मगदूमांकडे न्या. स्वतःचा पंप घेऊ दे त्यांना.” मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “वही बंद करू नका. सकाळी पंपाआधी मोजा. दुपारी, पंप घेऊन दोन-तीन तास झाले की. आकड्यापुढे लिहा, आधीचा का नंतरचा. आणि दम फार असेल तर मोजू नका, आधी पंप द्या.”

मामाला आतल्या खोलीत नेऊन ऑक्सिजन लावला, वाफ दिली. तासाभरानं तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. ओठांचा रंग परत आला होता. तो मला काही बोलेल म्हणून मी वाट बघत होते. बोलला असता तर बरं झालं असतं.

“भूक लागलीय,” तो म्हणाला.

“मामा, पंप घेतल्यावर छातीत पळतं, हे तुला कळत होतं?”

“कळंल न्हाई तर. मारला की पाचव्या मिनिटाला सुटतंय. अर्धा-पाऊण तास धावतंय. मग बसतंय आपोआप.”

“किती दिवस कळत होतं?”

“पहिल्यापासनं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

त्यानं माझ्याकडे खरोखरच न समजल्यासारखं बघितलं. “तू कुठं विचारलंस? तू आकडा लिव्हत होतीस. मी कमी सांगितला तर म्हणालीस ही भाजी न्हाई.”

मला त्याचा इतका राग आला की मी उठून खाली गेले आणि दोघांसाठी वडापाव आणले. एक त्याला दिला आणि बसस्टँडपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर चहा घेऊन बसले नाही. सातला पाच मिनिटं कमी असताना आत गेले. मामा नुकताच उठला होता. मामी दारात पंप घेऊन उभी होती. दस्तगीरच्या मुलानं तो रात्री आणून दिला होता. नवीन औषधाचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतील असं मॅडमनी सांगितलं होतं.

सकाळी उठल्या उठल्या मामा कसा असतो ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. कॉटची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. मान पुढे काढलेली, गळ्याच्या शिरा ताठ, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. सोडताना तो ओठ आवळून सोडत होता. त्याला माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती.

मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. शिट्ट्या. नुसत्या शिट्ट्या. त्यांच्यातून दोन ठोके आले, मग एक, मग काही नाही, मग तीन. चौदापर्यंत गेले आणि मोजणी चुकली. पुन्हा सुरुवात केली. एकवीसवर पुन्हा चुकली. मामीनं पंप पुढे केला. मी कानांतून नळ्या काढल्या.

“घे मामा. राहू दे आज. मॅडम म्हणाल्यात, फार असलं तर मोजायचं नाही.”

मामानं मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. त्यानं कॉटवरचा एक हात उचलला, मामीचा हात बाजूला सारला आणि मला एक बोट दाखवलं. एक मिनिट.

मी नळ्या परत कानात घातल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.